कफ-ओलावा देहप्रकृती आणि रक्तातली चरबी: चिनी प्रश्नावली कशी सोडवायची आणि लिपिड रिपोर्टशी कशी जोडायची

पारंपरिक चिनी वैद्यकात आज देहप्रकृतीचे नऊ प्रकार मानतात. ही मांडणी बीजिंग चिनी वैद्यक विद्यापीठातल्या वांग छी यांची. २००९ मध्ये चायना असोसिएशन ऑफ चायनीज मेडिसिननं ती प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली. प्रश्न कोणते, गुण कसे द्यायचे, किती गुणांना कोणता निकाल धरायचा, हे सगळं त्यात ठरवून दिलं आहे. २०१३ पासून चीनच्या सरकारी आरोग्यसेवेत ६५ वर्षांपुढच्या लोकांसाठी याच प्रश्नावलीची ३३ प्रश्नांची छोटी आवृत्ती वापरतात.

समतोल प्रकृती हा नऊपैकी एकच प्रकार निरोगी मानला जातो. बाकीचे आठ असे: ची-क्षीण (ची म्हणजे प्राणशक्ती), यांग-क्षीण (यांग म्हणजे शरीरातली ऊब), यिन-क्षीण (यिन म्हणजे शरीरातला थंडावा आणि ओलसरपणा), कफ-ओलावा, दमट-उष्ण, रक्त साकळलेला, ची कोंडलेला आणि जन्मजात विशेष, म्हणजे ॲलर्जी वगैरे असलेला. कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) वाढलेल्या लोकांमध्ये कफ-ओलावा प्रकार जास्त आढळतो, असं चीनमधल्या पाहण्यांतून वारंवार दिसलं आहे. म्हणून इथे भर त्या प्रकारावर आहे.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. प्रकृतीचे गुण पाहून कोणत्या सवयी बदलायच्या ते ठरतं. गोळी सुरू करायची की नाही, हे रिपोर्टमधले आकडे आणि हृदयविकाराची एकूण जोखीम पाहून ठरतं. या दोन कामांची अदलाबदल झाली की लोकांचं नुकसान होतं, आणि ते दोन्ही बाजूंनी होतं.

आपल्याकडचे वाचक कफ-ओलावा म्हणजे आयुर्वेदातली कफ प्रकृती असं समजून मोकळे होतात. तसं करू नका. आयुर्वेदात प्रकृती गर्भधारणेच्या वेळीच ठरते आणि जन्मभर तीच राहते. शिवाय कफ प्रकृतीचा माणूस बळकट आणि दीर्घायुषी मानला आहे. चिनी कफ-ओलावा ही ढळलेली अवस्था आहे. आहार-विहारानं ती बदलते असं गृहीत धरलेलं असतं, म्हणूनच ती पुन्हा पुन्हा मोजतात.

आधी रिपोर्ट नीट मिळवा

प्रश्नावलीपेक्षा लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आधी करा, कारण चुकीच्या रिपोर्टवर पुढचं सगळं चुकतं. तपासणीआधी दोन आठवडे नेहमीचंच जेवण ठेवा. रिपोर्ट चांगला यावा म्हणून चार दिवस भाकरी-ताकावर राहिलात तर रोजच्या जगण्याचा आकडा कळणार नाही. दोन-तीन दिवस दारू बंद. रात्रीच्या जेवणानंतर ९ ते १२ तास फक्त पाणी. चौदा-पंधरा तास उपाशी राहून फायदा काही नाही. रक्त देण्याआधी पाच मिनिटं बसून राहा आणि दंडाला बांधलेला पट्टा मिनिटाच्या आत सोडायला सांगा. पट्टा जास्त वेळ राहिला की रक्त दाट होऊन कोलेस्टेरॉल खोटं वाढलेलं दिसतं. नुकताच जोराचा ताप, ऑपरेशन किंवा हार्ट ॲटॅक येऊन गेला असेल तर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) तात्पुरतं खाली जातं. तेव्हाचा आकडा पाहून निर्धास्त होऊ नका.

चीनमधले रिपोर्ट मिलिमोल प्रति लिटरमध्ये असतात, आपले मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. चिनी लेख वाचताना कोलेस्टेरॉल, एलडीएल आणि एचडीएलला (चांगलं कोलेस्टेरॉल) ३८.६७ नं गुणा, ट्रायग्लिसराइडला ८८.५७ नं. दोन्हींना एकच आकडा वापरणं ही नेहमीची चूक. एरवी धडधाकट असलेल्या माणसासाठी चिनी मर्यादा आपल्या एककात साधारण अशा आहेत: एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या खाली ठीक, २४० पासून वाढलेलं, एलडीएल १३० च्या खाली ठीक, १६० पासून वाढलेलं, ट्रायग्लिसराइड १५० च्या खाली ठीक, २०० पासून वाढलेलं, एचडीएल ४० च्या खाली गेलं तर कमी. मधुमेह असेल किंवा हृदयविकार होऊन गेला असेल तर हे आकडे तुमच्यासाठी नाहीत. हृदयरोग्याचं एलडीएल ७० च्या खाली हवं, आणि जोखीम फार असेल तर ५५ च्याही खाली. भारतातले तज्ज्ञ अशा रुग्णांसाठी ५० च्या खालचं लक्ष्य सांगतात.

रिपोर्टमध्ये आणखी दोन गोष्टी बघा. एलडीएल बऱ्याच लॅबमध्ये मोजत नाहीत, हिशेबानं काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करतात. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हा हिशेब कामाचा राहत नाही, तेव्हा थेट मोजलेलं एलडीएल मागा. दुसरं, एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल हा आकडा स्वतः काढून ठेवा. ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी अशी जोडी भारतीयांमध्ये फार दिसते. अशा वेळी एकटं एलडीएल बघून खरी परिस्थिती कळत नाही.

प्रश्नावली आणि गुणांचा हिशेब

प्रत्येक प्रश्नाला मागचं अख्खं एक वर्ष डोळ्यांसमोर ठेवून १ ते ५ गुण द्यायचे: कधीच नाही १, क्वचित २, कधी कधी ३, नेहमी ४, कायम ५. वर्षभराचा काळ मुद्दाम ठेवला आहे. जुलैच्या दमट हवेत अंग जड सगळ्यांचंच होतं. त्या आठवड्यावरून उत्तरं दिली तर कोकणातला निम्मा गाव कफ-ओलाव्यात जाईल.

कफ-ओलाव्याचे आठ प्रश्न आहेत. छाती दाटल्यासारखी किंवा पोट फुगल्यासारखं वाटतं का? अंग जड, मरगळलेलं वाटतं का? पोट सुटलेलं आणि मऊ आहे का? कपाळावर तेलकटपणा असतो का? वरच्या पापण्या किंचित सुजलेल्या दिसतात का? तोंड चिकट वाटतं का? घशात कफ अडकल्यासारखा वाटतो का? जिभेवर जाड, चिकट थर असतो का?

हिशेब असा: सगळ्या गुणांची बेरीज करा, त्यातून प्रश्नांची संख्या वजा करा, आलेल्या आकड्याला प्रश्नसंख्येच्या चौपटीनं भागा आणि १०० नं गुणा. समजा गुण आले ४, ४, ५, ३, २, ३, ३, २. बेरीज २६. त्यातून ८ गेले, राहिले १८. भागिले ३२, गुणिले १००, म्हणजे ५६. ढळलेल्या आठ प्रकारांसाठी ४० आणि त्यावर गुण आले तर तो प्रकार आहे, ३० ते ३९ ला त्याकडे कल आहे, ३० च्या खाली नाही. उदाहरणातला माणूस कफ-ओलाव्यात बसला. समतोल प्रकृती ठरायला तिचे स्वतःचे गुण ६० किंवा जास्त हवेत आणि बाकी आठही प्रकार ३० च्या खाली. बाकीचे ४० च्या खाली असले तर ‘साधारण समतोल’ म्हणतात.

लोक अडखळतात ते दोन ठिकाणी. समतोल प्रकृतीचे बरेच प्रश्न उलटे आहेत (‘लवकर थकता का’, ‘झोप लागत नाही का’). तिथे १ चे ५ आणि २ चे ४ करून मगच बेरीज करायची. हे विसरलं की थकलेला माणूसही कागदावर निरोगी दिसतो. आणि दमट-उष्ण प्रकारात एक प्रश्न फक्त बायकांसाठी, एक फक्त पुरुषांसाठी आहे. प्रश्नसंख्या धरताना जितक्यांना उत्तर दिलं तितकेच धरा.

जिभेचा प्रश्न आरशासमोर, सकाळी, चहा घ्यायच्या आणि दात घासायच्या आधी सोडवा. जिभली फिरवून झाल्यावर बघण्यात अर्थ नाही. आपल्याकडे ही सवय घरोघरी आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं. ट्यूबलाइटऐवजी खिडकीतल्या उजेडात उभे राहा. जीभ सैल सोडून बाहेर काढा, टोकाला ताण देऊ नका, आणि दहा-पंधरा सेकंदांत आत घ्या. जास्त वेळ ताणली की रंग गडद होतो. पातळ पांढरा थर आणि त्यातून खालची गुलाबी जीभ दिसत असेल तर ते सामान्य. जाड, ओशट, मधोमध साचलेला आणि खालची जीभ झाकणारा थर असेल तर ४ किंवा ५ गुण. आदल्या रात्री पान खाल्लं असेल किंवा अँटिबायोटिक चालू असेल तर तो प्रश्न आठवड्यानं परत बघा. जिभेच्या कडेला दातांचे ठसे दिसले तर टिपून ठेवा. या प्रश्नावलीत त्यांना गुण नाहीत, पण चिनी वैद्य ते बघतात आणि ची-क्षीणतेशी जोडतात.

पोटाचा प्रश्न अंदाजानं सोडवू नका, टेप लावा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर मोजा. भारतीय पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. पोटाखाली बांधलेली पँट दहा-दहा सेंटिमीटर लपवते.

दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर

कफ-ओलाव्याचा संबंध सुटलेल्या पोटाशी आणि ट्रायग्लिसराइडशी जवळचा आहे, आणि त्याचं कारण समजून घ्यायला हवं. सुटलेलं पोट हा प्रश्नावलीतलाच एक प्रश्न आहे. पोटातली चरबी यकृताकडे जास्त फॅटी ॲसिड पाठवते, यकृत त्यातून ट्रायग्लिसराइडनं भरलेले कण तयार करून रक्तात सोडतं, आणि त्या उलाढालीत एचडीएल घटतं. म्हणजे प्रश्नावली आणि रिपोर्ट काही अंशी एकच गोष्ट दोन बाजूंनी मोजतात. या जुळण्याला चमत्कार समजू नये आणि पोकळही ठरवू नये.

कफ-ओलावा ४० च्या वर, ट्रायग्लिसराइड वाढलेलं, कंबर मर्यादेपलीकडे, एलडीएल फार नाही, अशी जोडी असेल तर खाली दिलेल्या आहार-विहाराचा सगळ्यात जास्त उपयोग तुम्हालाच होईल.

एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल तर प्रकृतीचा कागद बाजूला ठेवा. हा आनुवंशिक दोष असू शकतो. असे लोक सडपातळ, उत्साही आणि प्रश्नावलीत चक्क समतोल निघू शकतात. टाचेमागची शीर जाड झाली आहे का, घरात कोणाला कमी वयात हार्ट ॲटॅक आला होता का, ते बघा आणि डॉक्टरांकडे जा. भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्या. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असेल तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. तिथेही काढ्यांचे प्रयोग नकोत.

याहून चोरटी गफलत थायरॉइडची आहे. अंग जड, मरगळ, पापण्या सुजलेल्या, वजन वाढलेलं: ही कफ-ओलाव्याची उत्तरं आहेत आणि थायरॉइड मंदावल्याचीही. थायरॉइड मंदावलं की यकृत रक्तातलं एलडीएल कमी वेगानं उचलतं, त्यामुळे कोलेस्टेरॉल वाढतं. माणूस दोन्ही कागदांवर अगदी नमुन्यातला कफ-ओलावा दिसतो आणि वर्षभर काढे पीत राहतो. पापण्यांच्या प्रश्नाला ४ किंवा ५ गुण दिले असतील तर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि लघवीतलं प्रोटीन तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. मूत्रपिंडातून प्रोटीन जात असेल तरीही सकाळी डोळे सुजतात आणि कोलेस्टेरॉल चढतं. एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी) याच रक्तात होऊन जातं, तेही करून घ्या.

कफ-ओलाव्याचा आहार-विहार

चिनी मांडणीत या प्रकाराचं मूळ ‘प्लीहा’ दुबळी होण्यात आहे. हे पचनशक्तीचं नाव आहे, शस्त्रक्रियेत दिसणाऱ्या प्लीहेशी त्याचा संबंध नाही. गोड, तेलकट, चिकट आणि थंडगार खाणं तिला दमवतं, न पचलेलं ओल होऊन साचतं आणि ओल घट्ट होऊन कफ बनतो, असा हा विचार आहे. आधुनिक आहारशास्त्रानं पाहिलं तर यादी बरीच जुळते: साखर, मैदा आणि दारू ट्रायग्लिसराइड वाढवतात, तूप, लोणी, डालडा आणि नारळाच्या खोबऱ्यातलं संपृक्त स्निग्ध एलडीएल वाढवतं.

रात्रीचं जेवण लवकर आणि पोटाला थोडी जागा ठेवून. चिनी सल्ल्यात ‘दहापैकी सात हिस्से पोट भरलं की थांबा’ असं सांगतात. कोहळा या प्रकाराला मुद्दाम सुचवला जातो आणि तो आपल्याकडे सहज मिळतो. भाजी किंवा पातळ सूप करा. पेठा केलात तर साखरेनं सगळं वाया. मुळा, चवळीसारख्या लहान शेंगांचे दाणे, जव, ओट्स यांतून विरघळणारा तंतू दिवसाला ५ ते १० ग्रॅम पोटात जायला हवा. त्यानं एलडीएल सुमारे ५ टक्के उतरतं. वजन ५ ते १० टक्क्यांनी घटलं तर ट्रायग्लिसराइड साधारण २० टक्के खाली येतं. पुढे दिलेल्या कोणत्याही चहापेक्षा हा परिणाम मोठा आहे.

चहा करायचाच असेल तर वाळलेल्या चिनी हॉथॉर्नच्या चकत्या (शानजा) ९ ग्रॅम, वाळलेली कमळाची पानं ३ ग्रॅम, जुनी वाळवलेली संत्र्याची साल (छनफी) ३ ग्रॅम, पाणी ६०० मिलिलिटर. उकळी आली की मंद आचेवर १५ मिनिटं, गाळून दिवसभरात दोनदा, जेवणानंतर. चिनी औषधसंहितेत शानजाची मात्रा दिवसाला ९ ते १२ ग्रॅम आहे. आंबट असल्यानं रिकाम्या पोटी घेऊ नका. ॲसिडिटी किंवा अल्सर असेल तर मुळीच नको. हॉथॉर्न म्हणून मिळणाऱ्या लाल गोड चकत्यांमध्ये साखर भरपूर असते, त्या चालत नाहीत. युरोपातल्या हॉथॉर्नच्या पानाफुलांचं सप्लिमेंट ही वेगळी वनस्पती, वेगळा भाग. डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा चहा सुरू करू नका.

चरबीसाठीच्या चिनी चहांमध्ये ज्वेमिंगज नावाच्या बिया जवळजवळ नेहमी असतात. त्या टाकळ्याच्या बिया. पावसाच्या सुरुवातीला आपण ज्याची कोवळी पानं रानभाजी म्हणून खातो, तोच टाकळा आणि त्याचा सख्खा भाऊ. म्हणून रस्त्याकडेच्या शेंगा गोळा करून उकळायला जाऊ नका. चिनी पद्धतीत बिया भाजून घेतात आणि मात्रा ९ ते १५ ग्रॅम असते. त्यात जुलाब करणारी द्रव्यं आहेत. ज्याचं पोट आधीच सैल त्याला चार दिवसांत थकवा येतो. शिवाय टाकळ्यासारखाच दिसणारा कासविंदा विषारी आहे. उत्तर भारतात त्याच्या बिया खाऊन लहान मुलांचे जीव गेले आहेत.

प्रकार बहुतेकांचे मिसळलेले निघतात, आणि इथे नेमकी चूक होते. कफ-ओलाव्यासोबत ची-क्षीण प्रकारातही ४० च्या वर गुण असतील तर टाकळ्याच्या बिया नकोत, जेवण कडक तोडायलाही नको. आधी झोप आणि वेळेवर साधं गरम जेवण. सोबत यांग-क्षीण असेल, हातपाय गार पडत असतील, तर कोहळा आणि कमळाची पानं रोज घेऊ नका. त्यांना थंड गुणाचं मानतात. कोहळ्यात आलं घाला. दमट-उष्ण जोडीला असेल, म्हणजे तोंड कडू, पुरळ, चिडचिड, तर आलं-मिरीच कमी करा. आणि दारू पूर्ण बंद.

व्यायामासाठी चीनमध्ये बादुआनजिन हा आठ हालचालींचा संथ प्रकार सुचवतात. एक फेरी १२ मिनिटांच्या आसपास होते. सांधे आखडलेल्यांना सुरुवात म्हणून उत्तम. पण ट्रायग्लिसराइड उतरवायला आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं हवंच. बोलता येतं पण गाता येत नाही, इतका वेग ठेवा.

लाल यीस्टचा तांदूळ: इथे थांबून वाचा

होंगछू म्हणजे मोनॅस्कस बुरशी चढवलेला लाल तांदूळ. त्यातलं मोनाकोलिन-के आणि लोव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं, स्टॅटिन गटातलं औषध हा एकच रेणू आहे. त्यामुळे ‘स्टॅटिन नको, नैसर्गिक हवं’ म्हणून हे घेणारा माणूस स्टॅटिनच घेत असतो, फक्त मात्रा माहीत नसलेलं. चीनमध्ये त्यापासून केलेलं श्वेझखांग हे प्रमाणित औषध आहे. हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या ४,८७० रुग्णांवरच्या त्याच्या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढचे ॲटॅक कमी झालेले दिसले. तो निकाल त्या ठरावीक मात्रेच्या कॅप्सूलचा आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या कुठल्याही लाल पावडरीला तो लागू होत नाही. पावडरीत मोनाकोलिन किती ते कळत नाही, आणि सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक द्रव्य बुरशीसोबत येऊ शकतं. २०२२ मध्ये युरोपीय संघानं अशा सप्लिमेंटमधलं मोनाकोलिन दिवसाला ३ मिलिग्रॅमच्या खाली ठेवण्याचा नियम केला. २०२४ मध्ये जपानात लाल यीस्टच्या सप्लिमेंटमुळे अनेकांची मूत्रपिंडं बिघडली, तिथे दुसऱ्याच बुरशीचं प्युबेरुलिक ॲसिड मिसळलं गेलं होतं.

डॉक्टरांनी स्टॅटिन दिलं असेल तर होंगछू वर्ज्य. क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक), जेमफायब्रोझिल (ट्रायग्लिसराइडचं औषध) किंवा बुरशीवरच्या गोळ्या चालू असतानाही वर्ज्य, कारण रक्तातली मात्रा अचानक वाढून स्नायू विरघळायला लागतात. मांड्या-दंड दुखणं आणि लघवी चहासारखी होणं ही खूण दिसली की त्याच दिवशी बंद करा आणि दवाखाना गाठा. गरोदर बायकांना आणि यकृताचा त्रास असलेल्यांना नाहीच. हशोवू नावाचं मूळही चरबीसाठी आणि केस काळे राहण्यासाठी विकतात. त्यानं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी बऱ्याच आहेत, तेही टाळा. दानशेन हे चिनी औषधी मूळ असलेली मिश्रणं वॉरफरिनसोबत (रक्त पातळ ठेवणारी गोळी) रक्तस्राव वाढवतात.

पुन्हा मोजणं

आहार बदलल्यावर लिपिड प्रोफाइल तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये, तितकेच तास उपाशी राहून करा. औषध सुरू झालं किंवा बदललं असेल तर ४ ते १२ आठवड्यांत. ट्रायग्लिसराइड काही न करताही २० टक्के इकडेतिकडे होतं, म्हणून १८० चं १६० झालं तर त्याचं श्रेय चहाला देऊ नका. २६० चं १७० झालं तर बदल खरा धरायला हरकत नाही. प्रकृतीचे गुण सहा महिन्यांनी परत काढा, आणि जुना कागद न बघता. कफ-ओलावा ५६ वरून ३५ वर आला पण एलडीएल १६५ वरच अडकलं, असं घडतं. पोट हलकं झालं, जीभ स्वच्छ झाली, पण एलडीएल मुख्यतः यकृतातल्या ग्राहींवर (रक्तातलं एलडीएल उचलणाऱ्या रेणूंवर) आणि वारशावर चालतं. अशा वेळी सवयी तशाच ठेवा आणि गोळीचा निर्णय डॉक्टरांसोबत घ्या.

दवाखान्यात जाताना चहाची आणि कॅप्सूलची पाकिटं सोबत न्या. ‘चायनीज हर्बल’ एवढं सांगून डॉक्टरांना काही कळत नाही, पाकिटावर छापलेलं वनस्पतीचं शास्त्रीय नाव दाखवा. ज्या पाकिटावर ते नाव, वजन आणि उत्पादनाची तारीख नाही, ते वापरू नका.